ऐंशीच्या वर

गेले वीस दिवस रुपालीच्या घरात सकाळचा पहिला प्रश्न "चहा झाला का" हा नव्हता. "किती भरली?" हा होता.

भरायची होती सृष्टी, तिची एकुलती एक मुलगी, वय वीस. आणि भरायची होती दुकानातल्या काट्यावर, जिथे एरवी सोयाबीन, तूर आणि हरभरा भरतात. सोनईत रुपालीच्या नवऱ्याचं, गहिनीनाथचं भुसार मालाचं दुकान पुढे आणि घर मागे, त्यामुळे माणूस आणि माल यांची वाट एकच होती. रोज सकाळी अंघोळीआधी सृष्टी काट्यावर उभी राहायची, गहिनीनाथ चष्मा कपाळावरून नाकावर आणायचा आणि आकडा मोठ्यानं वाचायचा. समोरच्या औषधाच्या दुकानदारालाही तो पाठ झाला होता.

कारण असं की रविवारी नगरला, सावेडीत, बॉक्सिंगची राज्य निवड चाचणी होती. मुलींचे शेवटचे दोन गट म्हणजे एक ऐंशी किलोपर्यंतचा आणि दुसरा ऐंशीच्या वरचा, ज्याला पुढे हद्दच नाही. सृष्टी बरोबर त्या बांधावर उभी. इकडं उतरायचं की तिकडं, यावर दुकानात वीस दिवस जी चर्चा चालली होती, तेवढी बारशाला तिच्या नावाचीही चालली नव्हती.

"ऐंशी दोनशे!" शनिवारी सकाळी गहिनीनाथनं जाहीर केलं. "बास. दोनशे ग्राम राह्यले. आज दिवसभर पानी मोजून पी, उद्या सकाळी आपोआप ऐंशीच्या आत."

"एक्क्याऐंशी," बाकावरून पीरमहंमद चाचा म्हणाले.

"चाचा, काटा समोर हाय."

"आन् पोरगी बी समोरच हाय की." चाचांनी बशीतला चहा ओढला. "चाळीस वर्सं काष्टीच्या बाजारात दलाली केली. नुसत्या नजरेनं जनावर तोललं. कधी दोन शेर इकडचं तिकडं न्हाई."

"मोतीबिंदू काढल्यापासनं तुमाला समदंच जास्त दिसायलंय."

"चाचा, मी जनावर हाय का?" काट्यावरून उतरत सृष्टीनं विचारलं. ओठ कोरडे पडले होते, पण बोलायला ती अजून शिल्लक होती.

"तौबा! जनावर असं उलटं विचारीत न्हाई, बेटा."

काष्टीच्या बाजारात सौदा तोंडानं होत नाही. दोघांचे हात एका टॉवेलखाली जातात, बोटं दाबली जातात आणि भोवतीच्या गर्दीला आकडा कळत नाही. चाचांनी गेल्या आठवड्यात गहिनीनाथचा हात टॉवेलखाली घेतला होता. चार बोटं दोनदा दाबली, मग एकच. आठ आणि एक. त्या दिवसापासून आजतागायत ते आपल्या आकड्यावरून हलले नव्हते, फक्त अधूनमधून "थोडं कमी झालं आसंल, दोन मूठ" एवढीच सवलत द्यायचे.

गावात बॉक्सिंग आणलं तेही याच माणसानं. त्यांचा पुतण्या फैयाज फौजेत रिंगमध्ये उतरायचा. निवृत्त होऊन सावेडीत पोरं शिकवायला लागला, तेव्हा शाळेत गोळाफेक करणाऱ्या सृष्टीला चाचांनीच त्याच्यापुढे नेऊन उभं केलं. "हिचा हात बघ, लांबी बघ," असं म्हणाले होते म्हणे. दात बघ म्हणाले नाहीत, हेच नशीब.

"ऐंशीत कोन हाय सांगा मला," गहिनीनाथ गोणीवर बसत म्हणाला. त्याला हा विषय जेवणापेक्षा प्रिय झाला होता. "सोलापूरची डावखुरी. पुन्याची ती पोलिसात जायची तयारी करनारी. बाकी समद्या भरताड. दोघींना आपली पोरगी झोपंत हरवंल."

"झोपंतच हरवंल, कारन उपाशी मानूस झोपतंयच." चाचांनी बशी खाली ठेवली. "अरं, त्या दोघी पंच्याहत्तरातनं वर आल्यात. हात कसे चालत्यात बघितले का? सुतारपक्षी जसा. आपली सृष्टी त्या गटात गेली की समद्यांत जड आन् समद्यांत मंद. वरच्या गटात गेली की समद्यांत हलकी आन् समद्यांत चपळ. पोरगी तीच. कुनापुढं उभी करायची, त्याला आक्कल लागती."

"आन् सांगलीची पूजा? एकशे चार किलो! गेल्या साली दोघींना पयल्या राउंडात बसवलं, तिसरीला दुसऱ्यात."

"बराबर. मंग तिचा तिसरा राउंड बघितला का कधी?"

"न्हाई."

"कुनीच न्हाई बघितला. तिथवर कुनी टिकलंच न्हाई. तिसऱ्या राउंडात आपुन कशा हाय, ह्ये त्या पूजाला बी ठाव न्हाई."

गहिनीनाथनं फैयाजला फोन लावला, स्पीकरवर टाकला. पलीकडून फैयाज नेहमीचंच म्हणाला, "वजनात बसली तर ऐंशी. नाही बसली तर वर. माझी तयारी दोन्हीकडं आहे, काका." मग दोघांनीही त्याला एकदमच नावं ठेवली.

स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून रुपाली ऐकत होती. मनातून ती नवऱ्याच्या बाजूची होती, पण त्याला तसं सांगितलं असतं तर तो आणखी चढला असता. तिनं सृष्टीच्या मोबाईलवर पूजाची ती कुस्ती (रुपाली कुस्तीच म्हणायची) पाहिली होती. पूजाचा ठोसा तिला दिसलाच नव्हता. दिसली ती मार खाल्लेली पोरगी, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून छताकडे बघत राहिलेली. कुणाची तरी लेक. त्या दिवसापासून रुपालीचे हात ठिकाणावर नव्हते. डब्यांची झाकणं उघडायची, लावायची. घडी घातलेल्या चादरी पुन्हा झटकून घडी घालायची. काय शोधतेयस, असं कुणी विचारलं तर सांगता आलं नसतं.

आणि दुसरीकडं हे उपाशी ठेवणं. तीन भाकऱ्या आणि वर ठेचा खाणारी पोरगी वाटीभर मुगाचं वरण आणि काकडीवर आली होती. परवा दुपारी ती फ्रिज उघडून नुसती उभी होती. काही काढत नव्हती. देवघरातला देव बघावा तशी दुधाच्या पातेल्याकडे बघत होती. "पप्पा म्हनत्यात ना ऐंशी, मग ऐंशी," एवढंच तिचं उत्तर. रुपाली रोज तिच्यापुढं ती वाटी ठेवायची आणि रोज स्वतःला सांगायची, पूजापेक्षा काकडी बरी.

*

दुपारी गहिनीनाथ टेम्पोबरोबर नेवाशाला गेला आणि गोरक्ष गॅसची टाकी घेऊन आला. टाक्या पोचवणारा हा पोरगा बिचारा गरीब, पण रुपालीला आज कुणाशी तरी भांडायचंच होतं.

"ठेव काट्यावर," ती म्हणाली.

"काकू, सील हाय की."

"सील मला बी दिसतंय. ठेव."

टाकीवर रिकाम्या टाकीचं वजन रंगवलेलं होतं, पंधरा तीनशे. आत गॅस चौदा दोनशे. म्हणजे साडेएकोणतीस व्हायला हवं. काट्यावर आलं साडेअठ्ठावीस.

"एक किलो गॅस कुठं गेला रं गोरक्ष?"

"आयला," गोरक्ष म्हणाला आणि लगेच जीभ चावली. त्यानं टाकी उचलून खाली ठेवली. "काकू, आता बघा काट्याकडं. रिकामा हाय ना? मग उने एक कशाला दावतोय?"

"ते नेहमीचंच हाय."

"नेहमीचं म्हंजे?"

"म्हंजे बारदानाचं..." रुपाली म्हणाली आणि तिथंच थांबली.

शेतकऱ्याचा माल येतो तागाच्या गोणीत. गोणीचं म्हणजे बारदानाचं वजन किलोभर. दर वेळी कोण वजा करत बसणार, म्हणून गहिनीनाथनं कैक वर्षांपूर्वी काटाच असा लावून ठेवला होता की तो एक किलो आधीच कापून घेईल. रिकाम्या काट्यावर उणे एक, भरल्या गोणीवर नुसता माल. शेतकऱ्यांनाही ठाऊक, हमालांनाही ठाऊक. या दुकानात उणे एक हेच शून्य होतं, आणि इतकी वर्षं होतं की ते कुणाला दिसतही नव्हतं.

फक्त सृष्टीला कुणी बारदानात घालून मोजलं नव्हतं.

गोरक्ष गेला. जाताना "मंग टाकी बरूबर हाय ना काकू?" असं दोनदा विचारून गेला. रुपाली काट्याच्या कडेला गोणीवर बसली, लगेच उठली. ऐंशी दोनशे नाही. एक्क्याऐंशी दोनशे. उद्या सकाळी सात वाजता सावेडीतला काटा तेच सांगणार.

नवऱ्याला फोन करायला तिनं मोबाईल हातात घेतला. केला तर काय होईल ते तिला दिसत होतं. तो येईल, पोरीला प्लॅस्टिकचा रेनकोट घालेल, उन्हात डांबरी रस्त्यावर पळवेल, पाणी बंद करेल. बाराशे ग्राम घामानं काढेल. तो दुष्ट नव्हता, पण आकड्यापुढं त्याला काही सुचत नसे. आणि न सांगावं? तर पोरगी उद्या काट्यावर चढेल, वरच्या गटात टाकली जाईल आणि वर कोण उभं आहे ते रुपालीनं मोबाईलवर पाहिलं होतं.

ती स्वयंपाकघरात गेली, परत दुकानात आली. पुन्हा आत गेली. चाचा बाकावर डोळे मिटून पडले होते.

"चाचा," ती हळूच म्हणाली, "सृष्टी किती आसंल?"

"एक्क्याऐंशी," चाचा डोळे न उघडता म्हणाले. "वर दोन मूठ."

"आन् काटा ऐंशी दाखवतो, तो?"

आता चाचांनी एक डोळा उघडला. "सूनबाई, बाजारात जनावराच्या मालकानं सांगितलेलं वजन मी कधी धरलं न्हाई. त्याचा जीव असतो त्यात. तो खोटं बोलत न्हाई, त्याला तसंच दिसतं."

*

सृष्टी गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत आडवी पडली होती. उड्यांची दोरी शेजारी, हात पोटावर. रुपाली तिच्याजवळ बसली आणि तिनं सगळं सांगितलं. गॅसची टाकी, गोरक्ष, बारदान.

सृष्टी उठून बसली. आधी हसली. मग तिचं तोंड वाकडं झालं. "म्हंजे वीस दिवस मी एका गोनीपायी उपाशी हाय?"

"व्हय."

"पप्पांना सांगितलंस?"

"न्हाई अजून."

"मग मला का सांगितलंस?"

"अंग तुझं हाय," रुपाली म्हणाली. "आदी तुला सांगावं म्हनलं."

खाली रस्त्यावरून उसाची गाडी गेली.

"आई, खरं सांगू का? मला ऐंशीतच जास्त भीती वाटती. सोलापूरच्या त्या डावखुरीनं मागच्या शिबिरात मला तीन ठोसे लावले आन् तिसरा बसल्यावर मला पयला कळला. पूजाचा ठोसा येताना दिसतो तरी."

"मला त्या पूजाची लई भीती वाटती गं."

"मला बी वाटंल. पन त्याला पोटात काहीतरी पायजे ना. आत्ता मला भीतीबिती काय वाटंना. नुसती भाकरी दिसती."

रुपाली उठली. परातीत पीठ घेतलं, पाणी घातलं, आणि वीस दिवसांत पहिल्यांदा तिचे हात एका जागी काम करायला लागले. पिठल्याला लसूण टाकला तसा वास जिन्यावरून वर गेला असावा, कारण सृष्टी न बोलावता खाली आली आणि ओट्याशेजारी मांडी घालून बसली. पहिली भाकरी तव्यावरून थेट ताटात. दुसरी. तिसरी. पोरगी बोलत नव्हती, वर बघत नव्हती. रुपाली एकेक घास मोजत होती आणि प्रत्येक घासाबरोबर तिला वाटत होतं, आपल्याच हातानं हिला सांगलीच्या दिशेला ढकलतोय. तरी चौथी थापली.

"आई, पुरे."

"अर्धी खा."

गहिनीनाथ दिवेलागणीला आला. दारातच थांबला. "लसनाचा वास कुठनं येतोय? सृष्टे, काट्यावर ये."

"आदी तुमी या," रुपाली म्हणाली आणि त्याला दंडाला धरून काट्यापुढं उभं केलं. "वाचा."

"काय वाचू? रिकामा हाय."

"रिकामा किती भरतो ते वाचा."

गहिनीनाथनं चष्मा नाकावर आणला. उणे एक. त्यानं ते वाचलं, आणि मग तो तसाच उभा राहिला, तोंडानं काहीतरी हिशेब करत, काहीतरी ताडून बघत. त्याचा चेहरा आधी लाल झाला आणि मग एकदम उतरला. "बारदान," तो म्हणाला. "आयचं बारदान." मग घड्याळाकडे वळला. "अजून बारा तास हायती. रेनकोट कुठाय? सृष्टे, बूट घाल..."

"ती जेवली."

"काय जेवली?"

"पिठलं-भाकरी. साडेतीन."

"मला न विचारता?"

"तिला तरी वीस दिवस कुनी विचारलं व्हतं?"

रुपालीचा आवाज चढला नव्हता, पण टेम्पोतला माल उतरवणारे हमाल जागच्या जागी थांबले. गहिनीनाथ सृष्टीकडे बघत राहिला. पोरगी दारात उभी होती, हनुवटीला पिठलं लागलेलं, आणि बऱ्याच दिवसांनी तिच्या गालांवर रंग होता.

"तुला पूजाशी खेळायचंय?"

"व्हय, पप्पा."

तो जाऊन बाकावर चाचांशेजारी बसला. मग चाचांनी गळ्यातला टॉवेल काढला, मांडीवर पसरला आणि आपला हात त्याखाली सरकवला. गहिनीनाथनं इकडं तिकडं पाहिलं, एक उसासा टाकला, आणि आपला हात आत घातला. काय दाबलं ते रुपालीला दिसलं नाही. चाचांच्या पांढऱ्या दाढीत हसू पसरत गेलं, त्यावरून समजलं.

*

सावेडीतल्या शाळेच्या हॉलमध्ये काट्यावर आकडा आला ब्याऐंशी चारशे. गहिनीनाथ सवयीनं वाकून रिकामा काटाही बघून आला. शून्य होता.

वरच्या गटात तिघीच होत्या. चिठ्ठ्यांत सृष्टीला पुढे चाल मिळाली, आणि पूजानं जळगावच्या मुलीला दुसऱ्या राउंडात बसवलं. म्हणजे दुपारची शेवटची लढत या दोघींचीच. पूजा हॉलच्या पायरीवर केळं खात बसली होती. नखांना गुलाबी रंग लावलेला. रुपाली शेजारून गेली तशी पाय आवरून म्हणाली, "काकू, या ना, बसा." रुपाली बसली नाही. पण तिला वाटलं होतं त्यापेक्षा हिचा राग धरणं फार अवघड होऊन बसलं.

लढत सुरू झाली आणि रुपाली खुर्च्यांच्या मागे येरझाऱ्या घालायला लागली. एका टोकाला चाचा, दुसऱ्या टोकाला गहिनीनाथ, दोघे एकमेकांपासून मुद्दाम लांब बसलेले. पहिल्या राउंडात पूजानं सृष्टीला दोऱ्यांवर नेलं. कातड्यावर कातडं आपटल्याचा आवाज रुपालीला पाठमोरी असतानाही ऐकू आला. ती भिंतीपर्यंत गेली, परत फिरली. सृष्टी उभी होती.

"अंतर ठेव! लांबून!" कोपऱ्यातून फैयाज ओरडला.

दुसऱ्या राउंडात सृष्टीनं अंतर ठेवलं. डावा हात, पुन्हा डावा हात, आणि बाजूला. पूजा जिथं ठोसा मारायची तिथून सृष्टी नुकतीच सरकलेली असायची. "समद्यांत चपळ!" चाचा उठून उभे राहिले, मागच्यांनी त्यांना खाली बसवलं. रुपालीला काही कळत नव्हतं, एवढंच कळत होतं की पोरीचे पाय हलतायत.

आणि मग तिसरा राउंड, जो कुणीच पाहिला नव्हता.

पूजाचं तोंड उघडं पडलं. हात खाली यायला लागले. चाचा म्हणाले होते तसंच. पण सृष्टीचेही पाय जड झाले होते. एका रात्रीच्या भाकऱ्या वीस दिवसांची तूट कुठून भरून काढणार? दोघी एकमेकींवर रेलल्या, रेफरीनं सोडवल्या, पुन्हा रेलल्या. शेवटच्या अर्ध्या मिनिटात पूजानं कुठूनतरी दोन ठोसे आणले. सृष्टीनं एक दिला. घंटा वाजली तेव्हा रुपाली रिंगच्या अगदी जवळ उभी होती. इथवर कधी आली, तिला आठवेना.

पाच पंच. तीन पूजाकडं, दोन सृष्टीकडं.

पूजानं सृष्टीला मिठी मारली ती सोडेचना. तिच्या कानात धापा टाकत काहीतरी बोलली.

"काय म्हनली गं ती?" जीपमध्ये बसताना गहिनीनाथनं विचारलं.

"पुढच्या वेळी येऊ नको म्हनली." सृष्टी हसली आणि सुजलेला ओठ धरून "आई गं" म्हणाली.

नगर मागे पडलं. फैयाज जीप चालवत होता आणि त्याला कुणी काही विचारत नव्हतं. घोडेगावपर्यंत गहिनीनाथ खिडकीबाहेर बघत होता. 

"वीस दिवस जेवली असती तर?" शेवटी तो म्हणाला. कुणाला, ते कळलं नाही.

चाचांनी टॉवेलनं तोंड पुसलं आणि म्हणाले, "पुढल्या साली चौऱ्याऐंशीला आनायची. त्येच्या वर न्हाई. पाय हलले पायजेत."

"शहाऐंशी."

"शहाऐंशीला ती पूजाच व्हती का न्हाई बघ! चपळाई जाती."

"दोन किलोनं कशी जाती? अन् त्या जळगाववालीचा विचार केला का तुमी? ती आता वजन वाढवनार. तिची उंची बघितली का?"

"उंची हाय, पन कंबर न्हाई..."

"चाचा," सृष्टी म्हणाली, "मी हितंच बसलेय."

दोघेही थांबले. मग गहिनीनाथनं जरा घसा साफ केला. "तुला किती वाटतं?"

सृष्टी एका बाजूनं भाकरी चावत होती. विचार केला. "आदी जेवू द्या. मग सांगते."

डबा रुपालीच्या मांडीवर होता. सहा भाकऱ्या घेतल्या होत्या, पाच पोरीनं संपवल्या होत्या. "आई, अजून हाय का?" सृष्टीनं विचारलं, आणि रुपालीनं शेवटची काढली. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की कालपासून आपण स्वतःच काही खाल्लेलं नाही. तिनं भाकरी मोडली. मोठा तुकडा पोरीला दिला, लहान स्वतः घेतला.

"पन चौऱ्याऐंशी," मागून चाचा हळूच म्हणाले.

"शहाऐंशी," गहिनीनाथ म्हणाला, आणि सोनईचा फाटा येईपर्यंत ते चाललंच होतं.